न पडलेले दिवस

चार्वी शेवटची पडली ती अकरा महिन्यांची असताना. सोफ्याचा कोपरा धरून उभी राहिली, हात सोडला आणि बदकन बुडावर बसली. दुसऱ्याच दिवशी तिच्या कमरेला 'सावर' बांधला गेला. त्यानंतरचे बाराशे सतरा दिवस ती एकदाही पडली नव्हती.

हा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता. तिचा बाबा सौमित्र रोज सकाळी चहा पिताना फोनवरच्या हिरव्या चौकटीत तो बघायचा आणि मगच दुसरा घोट घ्यायचा. ठाण्याची आजी तो नातेवाइकांना ऐकवायची. ज्या शाळेत चार्वीला घालायचं ठरलं होतं, तिच्या प्रवेशअर्जात तर 'न पडलेले दिवस' असा रकानाच होता. २०४१ साली पुण्यातल्या चांगल्या शाळांना गुडघे फुटलेली मुलं परवडत नव्हती.

चार्वीची आई मृणाल साबडे हा पट्टा बनवणाऱ्या 'पाऊल' कंपनीतच काम करायची, त्यामुळे त्याच्या पोटात काय काय आहे ते तिला चांगलं माहीत होतं. पट्टा चार बोटं रुंद, कापडासारखा मऊ. आत आठ संवेदक. मूल किती कललं, किती वेगानं वळलं, कुठल्या पायावर भार आला, हे ते सेकंदाला पाचशे वेळा मोजायचे. त्यावरून मूल पडण्याच्या पाऊण सेकंद आधी पट्ट्याला कळायचं, की आता हे पडणार. मग तो त्या बाजूला थरथरायचा, कमरेला आवळून मुलाला जागच्या जागी थोपवायचा, आणि आईच्या आवाजात भरून ठेवलेल्या तीन शब्दांपैकी एक बोलायचा. 'जपून!', 'सावकाश!' किंवा 'पडशील!' तरीही तोल गेलाच, तर आतल्या हवेच्या उशा फुगायच्या. चार्वीच्या उशा कधी फुगल्याच नव्हत्या.

अडचण होती ती फरशीबाहेरच्या जगाची. महाबळेश्वर, चिपळूण, चिखलदरा, जिथे जमीन वरखाली, तिथून तक्रारी येत होत्या, की पट्टा दिवसभर उगाच बोंबलतो. कारण साधं होतं. त्याला शिकवलं होतं ते शहरातल्या सपाट फरशीवर चालणाऱ्या मुलांच्या पावलांवरून. जूनमध्ये 'सावर-तीन' दोनशे शाळांत जायचा होता. त्याआधी हे निस्तरायला हवं होतं.

"दगडधोंड्यांत चालणारी मुलं शोध," मृणालच्या वरिष्ठ, डॉ. राजश्री वर्दे म्हणाल्या. "पाच मुलं, चार दिवस. पट्ट्याला ओबडधोबड जमीन कशी असते ते कळू दे."

मेंढ्यांच्या गळ्यात माग काढणारे पट्टे बसवणारा एक पशुवैद्य मृणालच्या ओळखीचा होता. त्यानं एका धनगर बाईचा नंबर दिला. सारिका मदने. दिवाळी नुकतीच झाली होती, आणि सारिकाचं कुटुंब तीनशे मेंढ्या घेऊन सासवडच्या पुढे कऱ्हेच्या काठी, बाजरी काढलेल्या एका रानात उतरलं होतं. शेतकऱ्याला मेंढ्यांचं खत मिळायचं, मेंढ्यांना चारा.

पाळणाघराला सुट्टी होती आणि सौमित्र कामासाठी बंगळूरला गेला होता. मृणालनं चार्वीला बरोबर घेतलं. मुक्काम सासवडच्या लॉजवर आणि दिवसभर रानात, असं ठरलं.

गाडीतून उतरून चार्वीनं ढेकळांत पहिलं पाऊल टाकलं.

"जपून!" पट्टा म्हणाला आणि आवळला.

दुसरं पाऊल. "सावकाश!" तिसरं. "पडशील!"

चार्वी थांबली. दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून ती बुजगावण्यासारखी उभी राहिली आणि आईकडे बघू लागली. तिची काही तक्रार नव्हती. पट्टा सुटेपर्यंत थांबायचं असतं, एवढंच तिला माहीत होतं.

मेंढ्यांना कोंडायची जाळी गुंडाळत असलेली तिशीतली एक बाई मान वर करून बघत होती. अंगावर लुगड्याऐवजी पंजाबी ड्रेस, डोक्याला टॉवेल, कमरेला फोन. हीच सारिका. तिच्या मागे घोडीच्या पाठीवर सौर पत्रा पसरला होता आणि त्यावर चार फोन चार्ज होत होते.

"पोरगी आजारी हाय का, मॅडम?" तिनं विचारलं.

"नाही, नाही. ते पट्ट्यामुळे."

"मंग पट्टा आजारी हाय का?"

मृणालला हसू आलं. पाच मिनिटांत तिनं सारिकाला सगळं समजावलं. सारिकानं पट्टा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, दाबून पाहिला, वासही घेतला. तळावर पाच पोरं होती. सारिकाची पाच वर्षांची बानू, चौदा महिन्यांचा मल्हारी, आणि दिराची तीन. पट्टा बांधायला सारिकाची हरकत नव्हती. फक्त आवाज भरायची वेळ आली तेव्हा गाडी अडली.

"यात तुमच्या आवाजात तीन शब्द बोलायचे. म्हणा, पडशील."

"कशापायी?"

"म्हणजे मूल पडायला लागलं, की पट्टा तुमच्या आवाजात सांगेल."

"त्ये पडायला लागल्यालं त्याला ठावं असतंय की! आनी म्या अशी वरडत न्हाय. माझी पोरं म्हनत्याल, आईला काय झालं?"

शेवटी मृणालनं चाचणीसाठी आपलाच भरून ठेवलेला आवाज पाचही पट्ट्यांत टाकला.

ही चूक होती. अर्ध्या तासात त्या रानात पाच ठिकाणांहून मृणाल ओरडत होती. "पडशील!" बांधावरून. "जपून!" बाभळीखालून. "सावकाश! सावकाश! पडशील!" मेंढ्यांच्या मधून. मेंढ्या बुजून एका बाजूला गोळा झाल्या. काळ्या नावाचं कुत्रं, हा आवाज या बाईचा असून पोरांच्या पोटातून कसा येतो, या कोड्यानं हैराण होऊन मृणालभोवती फेऱ्या घालत भुंकत राहिलं. पोरांना तर खेळणंच सापडलं. दगडावर एका पायावर उभं राहून कलायचं आणि पट्ट्याला बोलतं करायचं. बानूनं एका दमात तेरा वेळा 'पडशील' म्हणवून घेतलं आणि ती पडली नाही.

संध्याकाळपर्यंत मृणालला आपलाच आवाज नकोसा झाला. मी असं बोलते? दिवसभर? हे सगळं चार्वी रोज ऐकते?

परतण्याआधी तिनं गाडीत बसून आकडे पाहिले. पट्ट्यांनी पाच मुलांचं पडणं चारशे अडतीस वेळा वर्तवलं होतं. मुलं प्रत्यक्षात पडली होती अकरा वेळा. त्यातली सहा वेळा एकटा मल्हारी. तो तर चालायलाच शिकत होता.

दुसऱ्या दिवशी मृणाल फोन बाजूला ठेवून नुसती बघत बसली. पाचही पोरांचे पट्टे मुके केले होते, ते फक्त मोजत होते. चार्वीचा तेवढा नेहमीसारखा चालू होता.

बानू सकाळी उठून कोणी न सांगता दोन बाटल्या पाणी घेऊन आली. मग मल्हारीला काखोटीला मारून शेळीपाशी गेली. दुपारी आईशेजारी बसून विळ्यानं कडबा तोडू लागली. पाच वर्षांची पोर आणि हातभर विळा! मृणालच्या घशात तिन्ही शब्द एकदमच आले. सारिका आपल्या कामात होती. तिनं बानूकडे पाहिलं, विळ्याची मूठ दोन बोटं मागे सरकवून दिली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. 'शाब्बास' नाही, 'नको' नाही. तेवढ्यात मल्हारी तीनदा पडला. कोणी वळूनही पाहिलं नाही. तिन्ही वेळा त्यानं आपल्या पडण्याच्या जागेकडे थोडा वेळ निरखून पाहिलं आणि तो उठला.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मृणालनं विचारलं.

"वाटती की," सारिका म्हणाली. "आई हाय म्या. पर माझी भीती म्या लेकराच्या कमरंला बांधत न्हाय."

ती हे सहज बोलून गेली आणि घोडीला पाणी पाजायला उठली. मृणालनं चार्वीच्या कमरेकडे पाहिलं. आपल्या कंपनीत चारशे माणसं नेमकी तीच गोष्ट बनवत होती.

त्याच दुपारी ते घडलं. पोरं बोरं वेचत रानाच्या टोकाला गेली होती. चार्वी त्यांच्यामागून, थांबत थांबत, पट्ट्याच्या परवानगीनं चालली होती. टोकाला एक जुनी विहीर होती. कठडा नाही, तोंडाशी एक रुंद, सपाट, गुळगुळीत दगडी पट्टी. दिवसभर ढेकळांना वैतागलेल्या चार्वीला घरच्यासारखी फरशी दिसली. ती आनंदानं त्या दगडावर चढली आणि भरभर चालू लागली. पट्टा गप्प होता. पाऊल सरळ पडत होतं, तोल ठीक होता. पट्ट्याच्या हिशेबी सगळं उत्तम चाललं होतं.

"ए!"

सारिकाचा आवाज रानभर फाटत गेला. पाचही पोरं होती तिथे थिजली. कुत्रं बसलं. चार्वीही थिजली. मृणाल धावत पोहोचली, तेव्हा चार्वीच्या पायापासून काळं पाणी दोन हातांवर होतं. तिनं लेकीला उचललं आणि खाली बसकण मारली.

सारिका धापा टाकत आली. तिचाही चेहरा उतरला होता.

"माझ्या थोरल्या भनीचं लेकरू असंच गेलं," ती म्हणाली. "अशाच हिरीत. तवापासनं म्या दोनच गोष्टींना वरडती. हीर आनी सडक. बाकी कशालाच न्हाय. रोज वरडलं, तर त्या दिशी कोन ऐकंल?"

मृणालनं चार्वीला हळूच विचारलं, "मावशी ओरडल्या आणि तू लगेच थांबलीस. माझ्या आवाजात पट्टा बोलला असता, तर थांबली असतीस?"

चार्वीनं खरंखरं उत्तर दिलं. "तू तर सारखीच बोलतेस."

तिसऱ्या दिवशी तळ हलायचा होता. पलीकडच्या गावच्या रानात, ओढा ओलांडून तीन किलोमीटर. घोड्यांवर भांडी, जाळ्या, घोंगड्या चढल्या. चार-सहा दिवसांची कोकरं चालू शकत नव्हती, ती उचलून न्यायची. हे काम पोरांचं. बानूनं एकेकाच्या हातात एकेक कोकरू दिलं. चार्वीपाशी आली तेव्हा 'तुला जमेल का' असं तिनं विचारलंच नाही. पांढऱ्या कपाळाचं एक कोकरू तिच्या हातात ठेवलं आणि ती पुढे चालू लागली.

चार्वी कोकराकडे बघतच राहिली. ते गरम होतं, त्याचं काळीज धडधडत होतं आणि ते तिच्या गळ्याशी नाक घासत होतं. तिनं पाऊल टाकलं.

"पडशील!"

कोकरानं दचकून अंग झाडलं. चार्वीनं ते घट्ट धरलं. पुन्हा पाऊल.

"पडशील! सावकाश!"

कोकरू बें बें करत निसटायला धडपडू लागलं. चार्वी वळली आणि आईपाशी आली. डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती.

"आई, हा काढ. ते घाबरतंय."

"चार्वी, काढला तर तू पडशील गं."

"पण ते घाबरतंय ना!"

पट्टा फक्त आईच्या किंवा बाबाच्या अंगठ्यानं उघडायचा. मृणालनं अंगठा पुढे केला आणि मध्येच थांबवला. सौमित्रची हिरवी चौकट, शाळेचा अर्ज, लेक अकरा महिन्यांची असताना वर्देबाईंनी पाठवलेला पट्टा, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. बाराशे दिवसांत चार्वीनं तिच्याकडे हट्ट पुष्कळ केले होते, पण दुसऱ्या कोणासाठी काही मागितल्याचं तिला आठवेना. तिनं अंगठा टेकवला. पट्टा सुटून पायाशी पडला.

चार्वी निघाली. दहा पावलं नीट गेली. अकराव्या पावलाला ढेकूळ फुटलं आणि ती धाडकन आडवी झाली. पडता पडता तिनं काय केलं ते मृणालला स्पष्ट दिसलं. ती वळली आणि कोपरावर पडली. कोकरू छातीवर, वरच्या बाजूला राहिलं.

मृणाल धावणार, तोच तिच्या हातात दोर आला.

"ताई, घोडी धरा जरा," सारिका म्हणाली. "बुजंल न्हायतर." आणि ती खोगिराचा पट्टा ताणायच्या कामाला लागली.

घोडी फुरफुरली. दोर सोडावा तर भांड्यांसकट घोडी पळणार. मृणाल अडकली. तिथूनच ती बघत राहिली. चार्वीनं डोकं उचलून सगळ्यांकडे पाहिलं. रडायचं की नाही, हे तिला कुणाच्या तरी चेहऱ्यावरून ठरवायचं होतं. आई घोडीच्या मागे होती. बाकीचे आपापल्या कामात होते. फक्त बानू थांबली होती, हात न देता, आपलं कोकरू खाजवत. चार्वीनं आपल्या कोकराचे चारही पाय एकेक करून तपासले. मग कोपराकडे पाहिलं. रक्त आलं होतं. ते तिनं बानूला दाखवलं. बानूनं आपल्या गुडघ्यावरचा जुना व्रण दाखवला. दोघी चालू लागल्या.

त्या तीन किलोमीटरमध्ये चार्वी चौदा वेळा पडली. पहिल्या किलोमीटरला नऊदा, दुसऱ्याला चारदा, तिसऱ्याला एकदाच. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आणि बानू बांधावरून हात पसरून धावत होत्या, आणि मृणाल मल्हारीला मांडीवर घेऊन शेंगा सोलत होती. आपण गेला तासभर चार्वीकडे पाहिलंच नाही, हे तिच्या लक्षात आलं ते शेंगा संपल्यावर.

पुण्याला आल्यावर तिनं दार लावून आकडे मांडले आणि तीन दिवस त्यांच्यासमोर बसली.

गोष्ट अशी होती. आपल्या कानाच्या आत द्रव भरलेल्या तीन बारीक नळ्या असतात. शरीर कोणत्या बाजूला फिरतंय, हे त्या मेंदूला कळवतात. लहान मेंदू त्यावरून अंदाज बांधतो, की आता पाय इथे पडेल, भार तिथे जाईल. अंदाज चुकला की माणूस अडखळतो आणि ती चूक लहान मेंदूच्या जोडण्यांत नोंदली जाते. पुढचा अंदाज थोडा बरा होतो. तोल शिकवता येत नाही. तो असा चुकत चुकत येतो. म्हणून तर चालायला शिकणारं मूल तासाला पंधरा-वीस वेळा पडतं. पडणं ही त्याची शाळाच. 'सावर' चुकीच्या पाऊण सेकंद आधी मध्ये पडायचा. चूक व्हायचीच नाही. मग मेंदू शिकणार कशावरून?

पाच मुलांवरून असं म्हणणं धाडसाचं होतं. पण कंपनीपाशी अठ्ठावीस हजार मुलांच्या नोंदी होत्या, आणि त्यांत एक फट होती, जिकडे कोणी पाहिलं नव्हतं. आठवड्यातून एकदा पट्टा वीस मिनिटं न आवळता, न बोलता फक्त मोजायचा. बॅटरी वाचवायला. मृणालनं फक्त ती वीस मिनिटं वेगळी काढली. दोन वर्षांची मुलं त्या वेळात जितकी अडखळत होती, तितकीच पाच वर्षांची. तीन वर्षांत तोल तसूभरही पुढे सरकला नव्हता.

त्याच दिवशी सौमित्र बंगळूरहून आला. दारातच फोन पुढे करून उभा राहिला. मृणालनं आकडे मांडताना चार्वीचं पडणंही नोंदवलं होतं, आणि हिरवी चौकट लाल झाली होती.

"शून्य? मृणाल, शून्य?"

"चौदा वेळा पडली. कोपर बघ, खपली किती छान धरलीये."

"आणि तू काय करत होतीस?"

"घोडी धरून उभी होते."

सौमित्रनं फोन खिशात टाकला. "लेकीला लागलं, आणि तू घोडी धरून उभी होतीस?"

भांडण दोन दिवस चाललं. सौमित्र वाईट नव्हता, घाबरट होता. वाद घालून तो वळणार नाही, हे मृणालला माहीत होतं. रविवारी सकाळी तिनं कंपनीतून मोठ्या माणसाच्या मापाचा चाचणीचा पट्टा आणला. ठाण्याला फोन करून सासूबाईंकडून आवाज भरून घेतला. सासूबाईंनी ते काम अत्यंत आवडीनं केलं. तीन शब्दांऐवजी सात दिले.

"एक सकाळ घाल," मृणाल सौमित्रला म्हणाली. "मग मी चार्वीला पुन्हा बांधीन."

सौमित्रनं पैज घेतल्यासारखा पट्टा बांधला आणि तो डोसे करायला गेला.

"सौमित्र, जपून!" आई म्हणाली, तो तव्याकडे वळला तेव्हा. "अरे हळू!" तो वरचा डबा काढायला टाचा उंचावून उभा राहिला तेव्हा. "पडशील हं!" "सोन्या, सावकाश!" चार्वी ओट्याशी बसून हसून हसून लोळली. तिसऱ्या डोशाला त्याची पळी तिरकी झाली आणि पीठ शेगडीवर सांडलं. तो साधा उभा राहायलाही अंदाज घेऊ लागला. चाळीस मिनिटांनी त्यानं पट्टा काढून वॉशिंग मशीनवर ठेवला.

"मी अडतीस वर्षांचा आहे," तो दमून म्हणाला, "आणि मला डोसा उलटता येईना."

चार्वीच्या पट्ट्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

डॉ. वर्देंशी बोलणं इतकं सोपं नव्हतं. त्यांनी आलेख पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"पाच मुलं, चार दिवस. याला डेटा म्हणत नाहीत, मृणाल. याला सहल म्हणतात."

"म्हणून तर आपलीच अठ्ठावीस हजार मुलं घेतली, मॅडम. पुढचं पान बघा."

वर्देंनी पुढचं पान पाहिलं. मग त्यापुढचं. मग पुन्हा पहिल्यापासून. हा पट्टा त्यांनी बनवायला घेतला, तो त्यांचा भाचा जिन्यावरून पडून सहा महिने अंथरुणाला खिळला होता म्हणून. हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी मुलांना वाचवायला निघाले होते," त्या म्हणाल्या.

"जिन्याच्या वरच्या पायरीपाशी वाचवायलाच हवं," मृणाल म्हणाली. "विहिरीपाशी, रस्त्यावर, आगीपाशी. बाकी वेळ पट्टा गप्प राहू शकतो ना? माझी धनगर मैत्रीण तेच करते. चार दिवसांत ती एकदा ओरडली. त्या एका ओरडण्यानं चार्वी वाचली. आपला पट्टा तेव्हा मुकाट होता."

वर्दे खिडकीशी गेल्या, परत आल्या. "दोनशे शाळांना काय सांगू?"

"जे आकडे सांगतात तेच."

त्यांनी सांगितलं. ते त्यांचं मोठेपण. जूनचा मुहूर्त टळला. काही शाळा रागावून गेल्या, काही पालकांनी 'आमच्या मुलांचं काय केलंत' म्हणून जाब विचारला आणि तो विचारायचा त्यांना हक्क होता. वर्देंनी आणि मृणालनं गावोगाव सभा घेऊन उत्तरं दिली. पट्टा काढला की मुलं दोन-तीन महिन्यांत मागचं भरून काढतात, हे दाखवलं. सभेत बोलायला म्हणून सारिकालाही एकदा आणलं होतं. आईबापांना ती एवढंच म्हणाली, "हाताला कायतरी काम घ्या. रिकाम्या हाताची आई लेकराला लई जड हुती." आणि खुर्च्यांच्या रांगांतून वाटाण्याच्या शेंगांची टोपली फिरवली. मुलं तोवर बाकांवर चढत-उतरत होती, पडत होती. निम्मी मुलं थोड्या वेळानं आपणहून शेंगा सोलायला येऊन बसली.

नव्या पट्ट्यात एकच आवाज भरला. सारिकाचा 'ए!' त्यासाठी कंपनीनं तिला दाम देऊ केला, तेव्हा तिनं वेगळीच गोष्ट मागितली. ज्या ज्या रानात मेंढ्या बसतात, तिथल्या उघड्या विहिरींचे नकाशे पट्ट्यात घाला, आणि तळावरच्या प्रत्येक पोराला एक द्या. तसं झालं. बानूनं तो मल्हारीच्या कमरेला बांधला, आणि तो गप्प राहतो म्हटल्यावर सगळे त्याला विसरून गेले.

चार्वीच्या अर्जातल्या 'न पडलेले दिवस' या रकान्यात मृणालनं 'दोन' लिहिलं. त्या शाळेचं उत्तर आलं नाही. घराजवळच्या, मैदानात माती असलेल्या शाळेनं फक्त नाव आणि जन्मतारीख विचारली. चार्वी तिथे जाऊ लागली.

त्यानंतरच्या मार्चमधल्या एका शनिवारची गोष्ट. मृणाल स्वयंपाक करत होती. डाळीला फोडणी द्यायची तर कोथिंबीर नव्हती.

"मी आणू?" चार्वी म्हणाली.

भाजीची गाडी सोसायटीच्या फाटकाच्या आतच, तीन इमारती सोडून उभी असायची. तिथपर्यंत ती एकटी कधी गेली नव्हती. सौमित्रनं टीव्ही बंद केला. मृणालनं पिशवी दिली, कोथिंबिरीची एक जुडी म्हणून सांगितलं, आणि दार उघडलं.

पाच मिनिटं गेली. सौमित्र चपला घालू लागला.

"मी नुसता खांबामागून बघतो."

"लसूण सोल," मृणाल म्हणाली आणि त्याच्यापुढे आख्खा गड्डा ठेवला.

त्यानं चार पाकळ्या सोलल्या, दोन टाकून दिल्या. आठ मिनिटं झाली. मृणालही डाळ ढवळायची विसरली होती, पण दाराकडे न बघता पळीकडे बघत होती. अकराव्या मिनिटाला जिन्यात पावलं वाजली. मध्येच एकदा धप्प असा आवाज झाला, थोडा वेळ शांतता, आणि पावलं पुन्हा वर येऊ लागली.

चार्वी दारात आली. एका ढोपराला धूळ, हातात पिशवी. तिनं पिशवी टेबलावर उपडी केली.

"अगं, ही मेथी आहे," सौमित्र म्हणाला. "आईनं कोथिंबीर सांगितली होती."

"हो, पण कोथिंबीर सुकली होती," चार्वी म्हणाली. "सगळी पिवळी. मेथी छान होती. मग मी ठरवलं."

मृणालनं जुडी उचलून पाहिली. पानं कोवळी, हिरवीगार होती. मुळांना ओली माती होती. तिनं डाळीखालचा गॅस बारीक केला, तिघांपुढे एक ताट ठेवलं, आणि तिघंही मेथी निवडायला बसले.